पब्लिक कमेंटची तीन मिनिटं

५ सप्टेंबर २००६, मंगळवार. सकाळी ६.१०
आजपासून रोजनिशी. ही कुणीही वाचायची नाही. बायकोने, सुहासिनीने वाचण्याची भीती नाही, तिला चाळीस वर्षांत माझं अक्षर लागलेलं नाही.

इथे परदेशात विमानाच्या कंपनीत तेहतीस वर्षं नोकरी करून एप्रिलमध्ये रिटायर झालो. मित्र चारुदत्त म्हणतो, गोल्फ खेळ. गोल्फ! चेंडू आपणच मारायचा आणि आपणच शोधत हिंडायचं. मी समाजकार्य निवडलंय.

आमच्या सिटी कौन्सिलची मीटिंग महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या मंगळवारी, संध्याकाळी सातला. कायद्याने सगळ्यांना खुली. कुणीही यावं, बसावं, शूटिंग करावं. रेडमंडला लागून एवढं तीस हजार वस्तीचं गाव, आणि गेल्या खेपेला माणसं आली चार. त्यातला एक झोपलेला. क्लार्कचं ऑफिस आवाज तेवढा टेप करतं, तेही एका म्हाताऱ्या मशीनवर. चित्र कुणीच ठेवत नाही. उद्या कुणी विचारलं की अमुक झाड का पाडलं, तर पुरावा कुठाय? यापुढे माझ्याकडे.

कॅमकॉर्डर, ट्रायपॉड, दोन बॅटऱ्या, टेपांचा बॉक्स, सगळं तयार. संकल्प: (१) एकही मीटिंग चुकवणार नाही. (२) सगळं, अगदी सगळं रेकॉर्ड करणार. (३) सुहासिनीला सोमवारपासून ड्रायव्हिंग शिकवणार.

७ सप्टेंबर
पहिली मीटिंग झकास. मेयर स्वतः विचारायला आल्या की मी कोण. टेपवर लेबल लावून बेसमेंटमध्ये ठेवली. टेप नंबर १.

सुहासिनीची नवी तक्रार. म्हणजे जुनीच. कोपऱ्यावरच्या बसस्टॉपला बाक नाही. बस तासाला एक. उभं राहून गुडघे जातात, भाजीच्या पिशव्या चिखलात ठेवाव्या लागतात. मला सांगून काय उपयोग, मी काय सिटी आहे? म्हटलं, घरात कुरकुर करण्यापेक्षा रीतसर मांड. मीटिंगमध्ये पब्लिक कमेंट असते. कागदावर नाव लिहायचं, प्रत्येकाला तीन मिनिटं मिळतात. लोकशाहीत मार्ग असतात.

बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. पटलं असावं.

३ ऑक्टोबर, मंगळवार
आज युक्ती सापडली. टेप एक तासाची, मीटिंग तीन तासांची. टेपा नुसत्या उडतात. आमचं घर झिपलॉकच्या पिशव्या धुऊन खिडकीत वाळत घालणारं, टेप उधळायची म्हणजे जिवावर येतं. तर पब्लिक कमेंट म्हणजे तेच ते. कुणाचा कुत्रा, कुणाचं कुंपण. तेवढा वेळ पॉज दाबायचा. लाल दिवा विझतो, मी लॉबीत जाऊन कॉफी घेतो, पायही मोकळे होतात. वीस मिनिटांची टेप वाचली.

संकल्प २ मध्ये दुरुस्ती: सगळं म्हणजे महत्त्वाचं सगळं.

ड्रायव्हिंग: पाऊस. पुढच्या सोमवारी.

२१ ऑक्टोबर, दिवाळी
बेलव्ह्यूला चारुदत्तकडे फराळ. चकल्या मऊ. पण करमणूक भरपूर झाली. या गृहस्थाने नातवाच्या बारशाची टेप नागपूरला बहिणीकडे पाठवली, आणि तिथं ती चालेना! नुसत्या रेघा. अरे बाबा, इथली सिस्टीम वेगळी, तिथली वेगळी, टेप कन्व्हर्ट करून पाठवायची असते. इंजिनिअर माणूस आणि एवढं कळू नये? सगळ्यांसमोर सांगितलं. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो.

मग कुणीतरी विचारलं, हल्ली काय चाललंय. पावसाळी गटारांच्या प्रस्तावाबद्दल चाळीस मिनिटं बोललो. लोक उठत होते, बसत होते, पण विषयाची भूक आहे लोकांना.

परत येताना सुहासिनी म्हणाली की, चारुदत्तच्या बहिणीला टेप दिसली नाही म्हणून ती फोनवर रडली होती, आणि तुम्ही हसत होतात. म्हटलं, मी सिस्टीमला हसत होतो.

२१ नोव्हेंबर, मंगळवार
ऐतिहासिक मीटिंग. गटारांचा प्रस्ताव अखेर आला.

आणि सुहासिनीही आली! पहिल्यांदा. हिरवी साडी, वर जाडा कोट. म्हटलं, चला, उशिरा का होईना, माझ्या कामात रस घेतला. ती कॅमेऱ्याशेजारी बसायला लागली तर सांगितलं की ती खुर्ची बॅगेसाठी आहे. मग दुसऱ्या रांगेत बसली. पब्लिक कमेंटच्या कागदावर स्वतःचं नाव लिहिलं. बाकाचं असणार. रीतसर. मला बरं वाटलं.

आता प्रॉब्लेम असा की टेपवर बावीस मिनिटं उरलेली आणि पब्लिक कमेंटनंतर लगेच गटारं. माझ्या जागी दुसरा कुणी असता तर त्याने काय केलं असतं? पॉज दाबला आणि लॉबीत गेलो. कॉफीच्या मशीनने आज फार वेळ घेतला.

परत आत येतो तर टाळ्या! कौन्सिलमध्ये टाळ्या कधी वाजत नाहीत. वाटलं गटारं आपल्याशिवाय पास झाली. तसं नव्हतं. सुहासिनी आपल्या जागेवर परत चालली होती. पुढची एक बाई टिश्यूने डोळे पुसत होती. सध्या सर्दीची साथ आहे.

गटारं अथपासून इतिपर्यंत टेपवर आली. एक शब्द गेला नाही.

घरी येताना विचारलं, कसं झालं तुझं? म्हणाली, झालं. वेळेत संपवलंस ना? तर म्हणाली, वीस सेकंद उरले होते. शिस्तीची आहे.

२४ नोव्हेंबर
ग्रोसरीत एक अनोळखी बाई येऊन माझा हात हातात घेऊन म्हणाल्या की मी नशीबवान आहे. टेपांची कीर्ती पसरतेय.

सुहासिनीला हे सांगितलं. ती भांडी विसळत होती, विसळत राहिली.

१६ डिसेंबर, शनिवार
वादळाने दोन दिवस वीज नाही. घर बर्फ. शेवटी ड्राइव्हवेत गाडी सुरू करून, हीटर लावून बसलो दोघं. तिने गॅसवर चहा करून थर्मासमध्ये आणलेला, वर दडपे पोहे. तिला म्हटलं, हे पिकनिकसारखं झालं.

ती खूप बोलली. इतकी कधी बोलत नाही. मी रेडिओ बारीक लावून ठेवला होता, सिटीची माहिती अधूनमधून देत होते. मध्येच तिने विचारलं, ऐकताय का. म्हटलं, ऐकतोय की. म्हणाली, काय ऐकलंत सांगा. सांगितलं: रेडमंडची वीज संध्याकाळपर्यंत येणार.

हसायला लागली. थांबेचना. शेवटी डोळे पुसले. किती दिवसांनी एवढी हसली! वीज गेल्याचा फायदा.

१६ जानेवारी २००७, मंगळवार
सुहासिनी पुण्याला गेली. बहिणीकडे, कांचनकडे. सहा आठवडे. चेंज.

फ्लाइट नेमकी मीटिंगच्या दिवशी. एअरपोर्टवर चारुदत्तने सोडलं. मी तिला आधीच विचारलं होतं, चालेल ना? ती म्हणाली, हो, मी चारुदत्तभावजींना मागच्याच महिन्यात सांगून ठेवलंय. प्लॅनिंग माझ्याकडून शिकली.

दोन बॅगा, काठोकाठ. सहा आठवड्यांना एवढं सामान! देवघरातली अन्नपूर्णाही नेली. लग्नात माहेरून आणलेली, पितळी. उजळून आणायची असेल. इथे कोण चिंच लावून घासत बसणार.

आजची मीटिंग बरी झाली. टेप नंबर ३०.

६ फेब्रुवारी
स्वयंपाक म्हणजे काही रॉकेट सायन्स नाही. खिचडी करतो. सोमवारी खिचडी, मंगळवारी तीच.

घर शांत आहे. कामाला उत्तम. दुपारी एकदा वरच्या मजल्यावर हाक मारली, चहा घेतेस का म्हणून. सवयीने.

२७ फेब्रुवारी
सहा आठवडे झाले. सकाळी तिचा फोन. तिकीट पुढे ढकललं. कांचनच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन. बरोबर आहे, बहिणीला कोण बघणार.

१० एप्रिल
कांचनचा आता दुसरा डोळा. असो. डोळे दोनच असतात. म्हणजे मेअखेर नक्की.

देवघर पुसलं. अन्नपूर्णेच्या जागी गोल डाग पडलाय. घासला, जात नाही.

५ जून, मंगळवार
प्लेनोहून रेणूचा फोन. आमच्या मुलीला मराठी समजतं सगळं, उत्तरं इंग्रजीत. म्हणाली, आई व्हेकेशनवर नाहीये, बाबा. म्हटलं, अगं, मावशीचा डोळा. म्हणाली, मावशी मार्चपासून स्कूटर चालवतेय.

मग तिने विचारलं, त्या दिवशी कौन्सिलमध्ये आई काय बोलली ते तुम्ही ऐकलं का? म्हटलं, म्हणजे काय, मी तिथेच होतो. म्हणाली, मग सांगा.

लाइन खराब आहे असं सांगून फोन ठेवला. लाइन चांगली होती.

६ जून. दुपारी
बेसमेंटमधून २१ नोव्हेंबरची टेप, नंबर १९, काढून बघितली. मेयर नाव पुकारतात. उच्चार चुकीचा. सुहासिनी खुर्चीतून उठते. कोट सावरते. माइककडे एक पाऊल टाकते आणि मान वळवून सरळ कॅमेऱ्याकडे बघते.

पुढे गटारं.

पुन्हा बघितली. चौदा वेळा. चेहरा चांगला आलाय. फोकस उत्तम.

८ जून
रेणूचं म्हणणं, आईलाच विचारा. असं कसं? आठवणीवर भरवसा ठेवायचा नसतो, ओरिजिनल रेकॉर्ड बघायचं. सिटीची ऑडिओ टेप असतेच. कायद्याने कुणालाही मागता येते. रीतसर फॉर्म भरला. ‘कोणतं रेकॉर्ड हवं’ या रकान्यात लिहिलं: २१ नोव्हेंबर, पब्लिक कमेंट, माझी पत्नी.

एकदा शब्द कळले की मुद्द्यांना मुद्देसूद उत्तर देता येईल. जुलैत ती इथे.

१९ जून, मंगळवार
मीटिंगच्या आधी सिटी क्लार्क डोनाने बोलावून घेतलं. तिने समोर खुर्ची दिली.

त्या संध्याकाळी त्यांचं मशीन फिरलंच नव्हतं. टेप कोरी. म्हणाली, तेव्हा आम्ही फारशी काळजी केली नाही, कारण तुम्ही सगळं रेकॉर्ड करता. तुमच्याकडेच मागणार होतो, मग राहून गेलं.

इतिवृत्तात एक ओळ आहे: ‘एस. चांदोरकर, रहिवासी, बसस्टॉपवरील बाकाबाबत बोलल्या.’ बस. माझ्या बायकोची तीन मिनिटं.

डोनाला विचारलं, काही आठवतं का? पहिलं वाक्य आठवतं म्हणाली. त्याला सगळे हसले होते. सुहासिनी म्हणाली होती की, मला माझ्या नवऱ्याला काही सांगायचंय, आणि तो फक्त याच खोलीत ऐकतो.

त्यानंतर डोना मशीनशी झटत टेबलाखाली वाकलेली. वर आली तेव्हा कुणीच हसत नव्हतं. मग टाळ्या.

कॅमेरा न लावता घरी आलो. संकल्प १ मोडला.

२० जून
पुण्याला फोन लावला. तिनेच उचलला. विचारलं, त्या दिवशी काय बोललीस?

शांतपणे म्हणाली: घरात सांगून झालं होतं, गाडीत सांगायचं तेव्हा अजून बाकी होतं. मधला मार्ग तुम्हीच दाखवलात. मी नाव लिहिलं, उठले, तुमच्याकडे बघितलं, आणि तुम्ही दिवा विझवलात. कप घेऊन बाहेर गेलात. तरी मी बोलले, आता उभी राहिलेच होते म्हणून. तिकिटाचं दुसऱ्या दिवशी बघितलं. मध्ये ती वीज गेली, गाडीत बसलो, तेव्हा वाटलं होतं की तिकीट रद्द करावं.

म्हटलं, टेपवर बावीसच मिनिटं होती गं. हे मी खरंच बोललो. लिहिताना लाज वाटतेय.

पुढचं काय बोललीस, तेवढं तरी सांग, म्हटलं. म्हणाली, तीन मिनिटं होती हो. संपली.

रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं. बीपीची गोळी घेताय ना, विचारलं. हो म्हटलं. फोन ठेवल्यावर स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून रडलो. चौसष्ट वर्षांचा माणूस.

७ ऑगस्ट, मंगळवार
पुन्हा जायला लागलो. आता पब्लिक कमेंट घेतो. गटारांना पॉज.

आज एक म्हातारा त्याच्या मेलेल्या कुत्र्याबद्दल बोलला. ज्या झाडाखाली पुरलाय ते झाड सिटी पाडतेय. कुत्र्याचं नाव रस्टी. पूर्ण ऐकलं. कॉफीची आठवणही झाली नाही.

कोपऱ्यावरच्या बसस्टॉपवर आज दुपारी एक तास उभा राहून बघितलं. चाळीस मिनिटांनी गुडघ्यातून कळ येते. अकरा वर्षं ती इथे उभी राहत होती आणि मी तिला लोकशाही सांगत होतो. गाढव आहे मी.

१८ सप्टेंबर, मंगळवार
पब्लिक कमेंटच्या कागदावर नाव लिहिलं. माझं.

आठवडाभर तयारी केली होती. बेसमेंटमध्ये घड्याळ लावून सतरा वेळा बोलून बघितलं. कॅमेरा माइकवर फोकस करून ठेवला, नवी कोरी टेप घातली, डोनाला शेजारच्या खुर्चीवर बसवलं. बॅग जमिनीवर. तिला एकच काम दिलं: हा लाल दिवा विझला तर हात वर कर.

पहिलं एक मिनिट इंग्रजीत, सिटीसाठी: बाक. उरलेली दोन मराठीत, सुहासिनीसाठी. मेयरना कळत नव्हतं, पण अडवलं नाही. काय बोललो ते इथे लिहीत नाही. असं बोलणं दोनदा जमत नाही, टेपवर आहे. शेवटी आवाज गेला. एक सेकंदही उरला नाही.

सिटी म्हणाली, बाकाचा विचार पुढच्या वर्षी करू.

डोनाचा हात शेवटपर्यंत खाली होता.

२१ सप्टेंबर
टेपची कॉपी करून आज कुरिअरने पुण्याला रवाना. जाड लिफाफा, आत बबल रॅप, वर लेबल: ‘सुहासिनी, ३ मिनिटं, पूर्ण.’ शेजाऱ्यांकडे व्हीसीआर आहे, कांचनला विचारून खात्री केली. सगळा विचार करून ठेवलाय.

प्लॅन: टेप पोचायला सात दिवस. बघायला एक. विचार करायला, समजा, दोन. दिवाळी ९ नोव्हेंबरला, त्याआधी ती इथे. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलंय, माझ्याकडून शिकवणं होत नाही हे मान्य. देवघरातला डाग लिंबाने थोडा गेला.

११ ऑक्टोबर, गुरुवार. सकाळी ७.३०
काल रेणूचा फोन. टेप पोचली. सगळे शेजाऱ्यांकडे जमले. सुहासिनी इस्त्रीची साडी नेसून गेली होती म्हणे.

नुसत्या रेघा. चित्र वरून खाली धावत होतं आणि आवाज म्हणजे बुडबुडे.

सिस्टीम. मी. मी ही चूक केली. दिवाळीत ज्याला भर बैठकीत हसलो त्याची चूक जशीच्या तशी.

रेणूला म्हटलं, दोन दिवसांत कन्व्हर्ट करून पाठवतो. तिने आईला आधीच तसं सांगितलं होतं. आई म्हणाली, राहू दे.

चारुदत्तला कळलं तर तो गाडी काढून इथे आला, डबा घेऊन. हसला नाही. यार, निदान हस तरी, म्हटलं. मग जेवलो दोघं.

आज सकाळी धीर करून पुण्याला फोन केला. तिथे संध्याकाळ. कांचनने उचलला. सुहासिनी घरी नव्हती. सोसायटीच्या बागेत बाक आहे म्हणे, रोज या वेळी मैत्रिणींबरोबर तिथे बसते. बोलत बसतात, वेळेचं भान राहत नाही, कांचन म्हणाली. बोलावून आणू का, विचारलं तिने.

नको म्हटलं. बसू दे.

मी काय बोललो होतो, हे तिने कुणालाच विचारलेलं नाही. रेणूला नाही, कांचनला नाही.

कुठेतरी नोंद असावी म्हणून लिहून ठेवतो. १८ सप्टेंबरला दिवा पूर्ण वेळ चालू होता.